फेरा आणि पाऊल

दसऱ्याच्या आधीची गोष्ट. मधल्या सुट्टीत नववीतली एक पोरगी शाळेची जुनी इंग्रजी-मराठी डिक्शनरी छातीशी धरून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डिक्शनरीचा पुठ्ठा निघालेला, कडा उंदरानं कुरतडलेल्या. तिनं बोट ठेवलेला शब्द होता रिव्होल्यूशन. त्याच्यापुढं दोन अर्थ छापले होते. पहिला परिभ्रमण, फेरा. दुसरा क्रांती.

"मॅडम, हे तं जुळतच नाही," ती म्हणाली. "फिरनं म्हंजे गोल जाऊन तिथंच येनं. न क्रांती म्हंजे तं सारंच बदलनं. दोन्हीले एकच शब्द काहून?"

यवतमाळ जिल्ह्यातल्या या गावात मी वीस वर्षांवर इंग्रजी शिकवते आहे. हा शब्द मी फळ्यावर किती वेळा लिहिला असेल, त्याचा हिशेब नाही. भूगोलाच्या सरांनी विचारलं तेव्हा परिभ्रमण सांगितलं, धड्यात फ्रान्स आला तेव्हा क्रांती सांगितलं, आणि दोन्ही वेळा पुढं गेले. हे दोन अर्थ एकमेकांच्या अंगावर येतात, हे मला कधी दिसलंच नव्हतं. "उद्या सांगते" म्हटलं. ते उद्या उजाडायला पंधरा दिवस लागले. तेवढे दिवस तो शब्द माझ्यासोबत घरी आला, एसटीत बसला, बाबांच्या वावरातही येऊन गेला. पस्तीस मिनिटांच्या तासात सगळं सांगणं झालं नाही, म्हणून इथं लिहिते आहे.

शब्द मुळात लॅटिन. 'व्होल्वेरे' म्हणजे गुंडाळणं, लोटत फिरवणं. त्याच्याआधी 'रे' लागला की परत फिरवणं, मागं आणणं. चौदाव्या शतकाच्या शेवटी तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्याचा राजा-प्रजेशी काही संबंध नव्हता. तो आकाशातला शब्द होता. ग्रह-तारे आपला फेरा पुरा करून जागेवर येतात, ते रिव्होल्यूशन. १५४३ साली कोपर्निकसचं पुस्तक छापून आलं, ज्यानं पृथ्वीला विश्वाच्या मधोमधून उचलून सूर्याभोवती फिरायला लावलं. त्याच्या लॅटिन नावात हाच शब्द आहे, खगोलांचे फेरे अशा अर्थानं. माणसाच्या डोक्यातलं सगळं जग त्या पुस्तकानं उलटंपालटं केलं, आणि नावात मात्र तो शब्द आपल्या जुन्या, शांत अर्थानंच बसून राहिला. हे वाचलं त्या रात्री मी कितीतरी वेळ जागी होते.

जमिनीवर उतरल्यावरही या शब्दानं आपला गोलपणा लगेच सोडला नाही. इंग्लंडात १६४९ साली पहिल्या चार्ल्स राजाचं डोकं उडवलं गेलं, मग पार्लमेंटचं राज्य आलं, मग सेनापती क्रॉमवेलचं, आणि १६६० साली त्याच राजाचा मुलगा गादीवर येऊन बसला. थॉमस हॉब्ज या विचारवंतानं हा सगळा काळ अनुभवला होता. त्यानं लिहून ठेवलं की या रिव्होल्यूशनमध्ये सत्तेची वर्तुळाकार चाल मला दिसली, ती जिथून निघाली तिथंच परत आली. म्हणजे राजा परत येणं हासुद्धा रिव्होल्यूशनच! १६८८ साली दुसऱ्या जेम्सला घालवून विल्यम आणि मेरीला आणलं, त्यालाही इंग्रज रिव्होल्यूशनच म्हणतात, आणि ते करणाऱ्यांची समजूतही अशीच होती की आपण काही नवं करत नाही, बिघडलेलं पुन्हा जागेवर आणतो आहोत.

शब्दानं खरी कूस बदलली ती फ्रान्समध्ये. १४ जुलै १७८९ला पॅरिसमधला बास्तीयचा तुरुंग लोकांनी घेतला. ती बातमी ऐकून सोळाव्या लुईनं विचारलं, हे बंड आहे का? आणि त्याच्या पदरचा ड्यूक म्हणाला, नाही महाराज, ही क्रांती आहे. असं सांगतात. फ्रेंचमध्ये हे दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत, रिव्होल्ट आणि रिव्होल्यूशन, सख्खी भावंडं. तरी त्या एका उत्तरात दोघांची वाटणी झाली. आपल्या मराठीतही ही वाटणी किती नेमकी आहे बघा. बंड कोणीतरी पुकारतं आणि दुसरं कोणीतरी ते मोडून काढतं. क्रांती फसते, पण क्रांती मोडली असं आपण म्हणत नाही. मुलांना मी आता हाच फरक सांगते, डिक्शनरीतल्यापेक्षा हा लवकर समजतो. फ्रान्सनंतर रिव्होल्यूशन म्हणजे जागेवर परत येणं राहिलं नाही. जे गेलं ते पुन्हा येणार नाही, असा त्याचा अर्थ झाला. म्हणजे मूळ अर्थाच्या अगदी उलट.

इथवर पोरीच्या प्रश्नाचं उत्तर झालं होतं म्हणा. पण मग मी आपल्या शब्दाकडं वळले, आणि तिथं माझी खरी पंचाईत झाली.

मला वाटत होतं, क्रांती हा शब्द रिव्होल्यूशनच्या भाषांतरासाठी कोणीतरी घडवला असेल. तसा तो नाहीच. संस्कृतातला जुना शब्द आहे, आणि तोही आकाशातलाच! सूर्याच्या आकाशातल्या वाटेला क्रांतिवृत्त म्हणतात. विषुववृत्तापासून सूर्य उत्तरेला किंवा दक्षिणेला किती अंश सरकला, त्या अंतराला सूर्याची क्रांती म्हणतात. ती वाढत वाढत साडेतेवीस अंशांच्या जवळ जाते आणि मग सूर्य मागं वळतो. पंचांग करणारे हा शब्द शेकडो वर्षं वापरत आले. संक्रांत त्यातलीच, सूर्यानं एका राशीतून दुसरीत जाणं. जिला आपण तीळगूळ देतो आणि वाण लुटतो, ती या क्रांतीचीच बहीण. दूरच्या दोन भाषांनी उलथापालथीसाठी शब्द शोधला आणि दोघींनी तो आभाळातून खाली आणला, हा योग मला अजून नवलाचा वाटतो.

मूळ मात्र दोघींचं वेगळं आहे, आणि माझा जीव अडकला तो तिथं. इंग्रजी शब्दाच्या पोटात फिरणं आहे. आपल्या शब्दाच्या पोटात चालणं आहे. क्रम् हा धातू, त्याचा अर्थ पाऊल टाकणं. आक्रमण, पराक्रम, विक्रम, क्रमांक, अनुक्रम ही सगळी त्याच घरातली. तीन पावलांत त्रैलोक्य मोजणारा वामन, तो त्रिविक्रम. आणि आमच्या गावात शाळेचं तोंड न पाहिलेल्या म्हाताऱ्यालाही जो शब्द तोंडपाठ आहे तो अतिक्रमण, गायरानाच्या हद्दीपलीकडं टाकलेलं पाऊल. उत्क्रांती हासुद्धा इथलाच. आज आपण तो माकडापासून माणसापर्यंतच्या प्रवासाला वापरतो, जुन्या ग्रंथांत त्याचा अर्थ जीव देहातून निघून जाणं असा आहे. मरणाच्या वेळी दान द्यायची गाय, ती उत्क्रांतिधेनू.

म्हणून मला वाटतं, रिव्होल्यूशनला क्रांती म्हणणाऱ्यांनी नुसतं भाषांतर केलं नाही, शब्दाच्या पोटातली चालच बदलून टाकली. चाकाच्या जागी पाय आणला. चाक फिरलं की त्यावरची खूण पुन्हा खाली येते. पायानं टाकलेलं पाऊल मागं घ्यायचं तर माणसाला वळावं लागतं, आणि वळायचं की नाही ते त्याच्या हातात असतं.

तिसरा शब्द मला एका उर्दू शाळेच्या सरांनी दिला. केंद्रातल्या प्रशिक्षणात ते शेजारी बसले होते. मी वहीत हे सगळं गिरवत होते, ते पाहून म्हणाले, "मॅडम, मग इन्किलाब काहून सोडला?" अरबीतला क-ल-ब हा धातू, अर्थ उलटवणं, पालटणं. त्याच धातूचा कल्ब म्हणजे काळीज, कारण ते सारखं पालटत असतं, असं ते म्हणाले. इन्किलाब झिंदाबाद ही घोषणा शायर हसरत मोहानींनी १९२१च्या सुमारास दिली आणि ८ एप्रिल १९२९ला भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्तांनी दिल्लीच्या असेंब्लीत ती घुमवली. इन्किलाबला मराठीत शब्दाला शब्द ठेवायचा तर उलथापालथ. आणि उलथापालथ म्हटलं की मला उन्हाळ्यातलं नांगरलेलं काळं वावर दिसतं. खालचं वर, वरचं खाली, उन्हात तापत पडलेली ढेकळं. तिथून पुढं वखर येतो, मिरूग येतो, तिफन येते. नुसत्या उलथापालथीवर पीक येत नाही, हे कास्तकाराला कोणी सांगायला लागत नाही.

वावराचा विषय निघालाच आहे तर मोटारीचं सांगते, कारण रिव्होल्यूशन हा शब्द आमच्या घरात माझ्याआधी बाबांनी आणला होता.

त्या पंधरा दिवसांत पाऊस उघडला होता. पऱ्हाटी बोंडावर आलेली, तिला एक ओलित देणं भाग होतं. त्या हप्त्यात शेतीची लाईन रात्रीची होती. रविवारी मी माहेरी होते. रात्री बारानंतर बाबा टॉर्च घेऊन निघाले, तशी मीही मागं गेले. विहिरीवर गेल्यावर त्यांनी स्टार्टरचं हिरवं बटन दाबलं. मोटार सुरू झाली, घुर्रर्र आवाज आला, पाइप थरथरला, पण पाटात पाणी येईना. बाबांनी कान दिला, लगेच मोटार बंद केली. म्हणाले, "उलटी फिरून रायली. डीपीवर कोन्यातरी आज काम केलं, फेज बदलला."

मला कळेना. मोटार तर फिरत होती, आवाजही नेहमीचाच. बाबांनी टॉर्च माझ्या हातात दिला, कट-आउट काढले आणि स्टार्टरचं झाकण उघडलं. आत तीन वायरी, लाल, पिवळी, निळी. त्यांनी पकडीनं दोन वायरींचे नट ढिले केले, लालीच्या जागी पिवळी आणि पिवळीच्या जागी लाल कसली, निळीला हात लावला नाही. "तीनातल्या दोन बदलल्या का चाल बदलते," ते म्हणाले. पुन्हा बटन दाबलं. तोच आवाज, तोच थरथराट, आणि पाइपाच्या तोंडातून आधी हवा, मग गढूळ चूळ, मग मनगटाएवढी पांढरी धार.

मोटारीच्या अंगावर एक पत्र्याची पाटी आहे. गंजलेली, तरी आकडा वाचता येतो, २८८० आर.पी.एम. यातला आर म्हणजे रिव्होल्यूशन. मिनिटाला दोन हजार आठशे ऐंशी फेरे. उलट फिरतानाही ती तेवढेच फेरे घेत होती. बाबा सातवी शिकलेले. आर.पी.एम.चा अर्थ त्यांना वायंडिंगच्या मिस्त्रीनं सांगितला होता, मोटार पहिल्यांदा जळाली तेव्हा. मी त्यांना म्हटलं, बाबा, या आरलाच क्रांती म्हणतात. ते पाटात खोरं घालून पाणी सऱ्यांमध्ये वळवत होते. त्यांनी मान वर केली नाही. "लय पाह्यल्या क्रांत्या," एवढंच म्हणाले.

ते उगाच नाही म्हणाले. त्यांच्या पिढीला हा शब्द सरकारनं दिला, कृषी विभागानं दिला, नंतर बियाणं विकणाऱ्यांनी दिला. हरितक्रांती हा शब्दप्रयोग विल्यम गॉड या अमेरिकी अधिकाऱ्यानं ८ मार्च १९६८च्या भाषणात वापरला आणि तो जगभर गेला. तेव्हा त्यानं मुद्दाम सांगितलं होतं की ही रशियासारखी लाल क्रांती नाही, इराणच्या शहासारखी पांढरी क्रांती नाही, ही हिरवी आहे. म्हणजे शब्द घेतला तो लाल रंग पुसण्यासाठी. आमच्याकडं ती पंजाबच्या गव्हासारखी आली नाही. आमच्याकडं ती ज्वारीत आली. १९६४ साली सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला आणि गावोगाव त्याचं नावच हायब्रीड पडलं. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते, आमच्याच जिल्ह्यातल्या पुसदकडचे. त्यांचा १ जुलै हा जन्मदिवस अजून कृषिदिन म्हणून पाळतात. हायब्रीडचं ताट बुटकं, कणीस भरगच्च. जुन्या लोकांच्या तक्रारी मी लहानपणापासून ऐकल्या आहेत. भाकरीला चव नाही, कडबा कमी, शेवटचा पाऊस लागला की दाणा काळा पडतो. पण बाबा प्रत्येक वेळी पुढं एक वाक्य जोडतात, "तरी पोट भरलं त्यानं, हे खोटं नाही." अमेरिकेतून आलेल्या मिलो ज्वारीची भाकरी खाऊन दुष्काळ काढलेल्या माणसाचं ते बोलणं आहे. मी त्यावर काही बोलत नाही.

कापसाचं दुःख वेगळं. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. आमच्या घरी बियाण्याच्या पाकिटाबरोबर एक रंगीत पत्रक आलं होतं, त्यावर मोठ्या अक्षरांत क्रांती हा शब्द होता. पहिली काही वर्षं फवारे कमी झाले, बोंडं भरली, घराला स्लॅब पडला. तेही खोटं नाही. मग गुलाबी बोंडअळी त्या बियाण्याला सरावली. २०१७ साली विदर्भात तिनं जे केलं ते मी पाहिलं आहे. बोंड बाहेरून ठणठणीत, दाबलं की पिचकणारं, आत सरकी पोखरलेली आणि कापसाची कवडी झालेली. त्याच हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी गेले, मजूर गेले. फवारे कमी करायला आलेलं बियाणं, आणि फेरा पुरा होऊन पुन्हा पाठीवर पंप. हॉब्ज जे म्हणाला त्याचा अर्थ मला लंडनच्या गादीपेक्षा या पंपात जास्त कळला. मला राग येतो तो याचा की त्या पत्रकावर तो शब्द छापणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागली नाही. बियाणं विकायला शब्द हवा होता तर भरघोस होता, टपोरा होता. चिमूरच्या माणसांनी रक्त देऊन आणलेला शब्द कशाला घ्यायचा?

चिमूर आमच्यापासून लांब नाही. १९४२ची गोष्ट सगळ्यांना मुंबईपासून सुरू झालेली माहीत असते, पण इंग्रजांनी चालतं व्हावं हा ठराव काँग्रेस कार्यकारिणीनं आधी वर्ध्यात केला, १४ जुलैला. बास्तीयचीच तारीख. त्या बैठकीत हे कोणाच्या मनात आलं होतं का, कोण जाणे. पुढं १६ ऑगस्टला, ऐन नागपंचमीच्या दिवशी, चंद्रपूर जिल्ह्यात चिमूर आणि वर्धा जिल्ह्यात आष्टी, दोन्ही गावं उठली. त्या मुलखात तुकडोजी महाराजांची खंजिरी आधीच घुमत होती, पुढं त्यांनाही अटक झाली. माणसं गोळीबारात पडली, सरकारी अधिकारीही मारले गेले. मग गावात फौज आली. त्या दिवसांत चिमूरच्या बायांवर जे अत्याचार झाले, त्यांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्राम आश्रमातले प्राध्यापक भन्साळी उपोषणाला बसले. त्रेसष्ट दिवस!

शाळेत आम्ही चिमूरची क्रांती शिकवतो तेव्हा ठाण्यावरचा मोर्चा सांगतो, फाशीच्या शिक्षा सांगतो, त्या पुढं रद्द झाल्या तेही सांगतो. भन्साळींचे त्रेसष्ट दिवस सांगायला वेळ उरत नाही. मी यंदा आधी तेच सांगितले. बायांची अब्रू हा विषय ज्या काळात दबक्या आवाजातही कोणी काढत नव्हतं, त्या काळात एक माणूस त्यासाठी अन्न सोडून पडून राहिला. मुली फार शांत बसल्या होत्या.

याच्याच जोडीनं १८४८ हे साल मी फळ्यावर लिहिलं. त्या वर्षी पॅरिसपासून व्हिएन्ना, बर्लिनपर्यंत अर्ध्या युरोपात क्रांत्या झाल्या, आणि बहुतेक सगळ्या दोनेक वर्षांत दडपल्या गेल्या. बऱ्याच ठिकाणी जुन्या राजांचीच सत्ता परत आली. त्याच वर्षी पुण्यात जोतिबा आणि सावित्रीबाईंनी मुलींसाठी शाळा काढली. अंगावर शेणाचे गोळे झेलत सावित्रीबाई रोज त्या शाळेत चालत गेल्या. मी वर्गातल्या मुलींकडं बघत उभी राहिले, आणि मला पुढचं वाक्य बोलता आलं नाही.

ती पोरगी मात्र त्या दिवशी वर्गात नव्हती. दोन दिवस आली नाही म्हणून संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. आई-बाप वेचणीला गेले होते, ती घरी पिठात हात घालून बसली होती. दुसऱ्या दिवशी आजीला घेऊन तिला नागपूरला, दीक्षाभूमीला जायचं होतं. दुरडीत भाकरी रचल्या होत्या, वाटीत ठेचा, फडक्यात शेंगदाणे. आजी खाटेवर बसून पांढरं लुगडं घडी घालत होती. बसा म्हणाली. पोरीनं पाणी दिलं.

मी आजीला विचारलं, पहिल्यांदा कधी गेला होता? "पयल्यांदाच गेली होती," ती म्हणाली. म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ला. तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची. "बापानं खांद्यावर घेतलं होतं. मानसंच मानसं, पांढरीधोप. मले आयकू काई आलं नाही. माय-बाप हात जोडून म्हनत होते, तं मीबी म्हनलं."

मग घरी आल्यावर? मी विचारलं.

"घरी आल्यावर मायनं देव्हारा उचलला न नदीत नेऊन सोडला. मी लय रडली, मले वाटे देव आता मारते आपल्याले." ती हसली. लुगड्याची घडी मांडीवर दाबून सपाट केली. "मंग पंधरा दिवसानं पाटलाचा बैल मेला. बलावनं आलं. मेलेलं ढोर ओढाचं काम आमच्याकडंच होतं ना. बाप गेला नाही. पुन्हा बलावनं आलं. नाही गेला. तीन दिवस पडून होता बैल, साऱ्या गावात वास. मंग आमचं वावरातलं काम बंद केलं त्यायनं. किराना बंद केला. बाप धा कोस पायी जाऊन मजुरी करे, रात्री ये. माय म्हने, एकडाव जाऊन ये, लेकरं उपाशी हायेत. बाप म्हने, नाही."

"मग?"

"मंग काय. नाही गेला. मरेपर्यंत नाही गेला."

तिनं क्रांती हा शब्द एकदाही उच्चारला नाही. बाबासाहेबांचं सांगणं, एवढंच ती म्हणत होती. त्या दिवसाचं नाव धम्मचक्र प्रवर्तन दिन, म्हणजे चाक फिरतं केल्याचा दिवस. सारनाथला बुद्धानं पहिल्यांदा उपदेश केला त्यालाही हेच नाव आहे. पंधरा दिवस मी चाक आणि पाऊल वेगळे करत बसले होते, आणि या घरात ते दोन्ही एका माणसाच्या 'नाही'त होते. चाक नागपुरात फिरलं होतं. पाऊल त्यानं गावात, पाटलाच्या वाड्याकडं न टाकून टाकलं होतं. मी चहा घेतला, आजीच्या पाया पडले, तिनं जयभीम म्हटलं, मीही म्हटलं.

सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा मी वर्गात तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, लॅटिनपासून मोटारीपर्यंत. बाबांचा किस्सा ऐकून मागच्या बाकावरची पोरं खुश झाली, दोघांनी सांगितलं की त्यांच्याही विहिरीवर तसंच झालं होतं आणि त्यातल्या एकाला करंटही बसला होता. मग मी सगळ्यांना रिव्होल्यूशन शब्दाचं एकेक इंग्रजी वाक्य लिहायला लावलं. बहुतेकांनी पृथ्वी लिहिली, तीनशे पासष्ट दिवस लिहिले. चौघांनी फ्रान्स. एकानं २८८०.

ती लिहीत नव्हती. पेन्सिल तोंडात धरून डिक्शनरीची पानं उलटत होती. मी जवळ गेले.

"मॅडम, ढोर ओढाले इंग्रजीत काय म्हंतेत?"

ओढणं म्हणजे ड्रॅग, मी सांगितलं. तिनं वहीत लिहिलं, स्पेलिंग माझ्याकडून तपासून घेतलं, आणि खोडरबर मुठीत धरून पुढचा शब्द विचारला.

"न 'नाही गेला' कसं लिहू? एकडाव नाही गेला असं नाही. कधीच नाही गेला, तसं."

मी तिच्या बाजूला बाकावर बसले आणि आम्ही वाक्य लिहायला घेतलं.